वॉर्डाच्या इलेक्शनचा प्रचार मोबाईलवर कसा करायचा: ज्याच्या गळ्यात हे काम पडलंय त्याच्यासाठी

नगरपालिका असो, महापालिका असो नाहीतर झेडपी, इलेक्शन लागलं की उमेदवाराच्या घरी एक पोरगा लॅपटॉप घेऊन येतोच. दादा तुमचं पेज मी बघतो, एवढे एवढे द्या, पन्नास हजार लोकांपर्यंत पोचवतो. आता प्रभागात मतदारच आठ-दहा हजार, मग हे पन्नास हजार कुठले? ते नाशिकचे, नांदेडचे, कुठले कुठले, त्यांनी झोपायच्या आधी तुमचं रील बघितलं, अंगठा दिला आणि पुढे सरकले, त्यांचं मत तुमच्या यादीत नाहीच. आणि दादा मात्र रोज सकाळी व्ह्यूज मोजत बसतात.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे वॉर्डात हे काम शेवटी एजन्सीच्या नाही, उमेदवाराच्या भावाच्या, पुतण्याच्या नाहीतर गल्लीतल्या जरा टायपिंग येणाऱ्या पोराच्या गळ्यात पडतं. तो तुम्ही असाल तर पुढचं वाचा. लोकसभेला 2014 मध्ये होलोग्राम, चाय पे चर्चा असलं सगळं झालं ते ठीक होतं, तिथं एक चेहरा देशभर न्यायचा होता. वॉर्डात चेहरा सगळ्यांना माहिती असतो, कधीकधी जरा जास्तच माहिती असतो. त्यामुळे इथं मोबाईल भोंगा म्हणून वापरायचा नाही, किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखा वापरायचा, कोण कुठं राहतं, कोणाचं काय अडलंय, आपण काय शब्द दिला होता, ते सगळं त्यात.

आधी यादी, मग रील

मतदार यादी हातात नसताना पेज काढणाऱ्यांना मी पहिल्यांदा यादीवरच बसवतो. स्थानिक इलेक्शनसाठी वेगळी नावनोंदणी होत नाही, विधानसभेची यादी ठराविक तारखेला घेऊन तीच प्रभागवार फोडतात. म्हणजे इलेक्शन जाहीर झाल्यावर नाव घालायला पळायचं म्हणलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. नवीन नावासाठी फॉर्म 6, पत्ता बदल किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म 8, हे वर्षभर चालू असतं, आणि 18 पूर्ण व्हायच्या आता वर्षाला चार तारखा आहेत, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. कॉलेजच्या पोरांना हे सांगणारी एक साधी पोस्ट, सोबत फॉर्म कसा भरायचा याचं स्क्रीन रेकॉर्डिंग, हे इलेक्शनच्या सहा महिने आधी टाकलं तर त्याचा जो उपयोग होतो तो शेवटच्या आठवड्यातल्या ड्रोन शॉटचा होत नाही.

प्रभागाची प्रारूप यादी आली की हरकती घ्यायला दिवस फार कमी मिळतात. तेव्हा बिल्डिंगवार माणसं वाटून घ्या आणि ग्रुपवर एवढंच टाका की आपलं नाव याच प्रभागात आलंय का बघा, नसेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा. नदीपलीकडची आख्खी सोसायटी शेजारच्या प्रभागात गेलेली असते आणि ते मतदानादिवशी उन्हात उभं राहिल्यावर कळतं, असं दरवेळी कुठंतरी होतंच.

यादी एक्सेलमध्ये घ्या. भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, गल्ली किंवा बिल्डिंग, मोबाईल, आणि शेवटचा कॉलम म्हणजे हे घर कोणाच्या ओळखीतलं. हा शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो कुठलंही सॉफ्टवेअर भरून देत नाही. मोबाईल नंबर मतदार यादीत नसतात, ते दारोदार फिरताना विचारून घ्यायचे. कोणीतरी तुम्हाला वॉर्डाचे नंबर पेनड्राइव्हवर विकायला येईल, घेऊ नका, कायद्याची भानगड आहेच, पण त्यातले निम्मे नंबर घर सोडून गेलेल्या भाडेकरूंचे निघतात आणि उरलेले लोक पहिल्याच मेसेजला तुम्हाला ब्लॉक करतात.

व्हॉट्सॲपची खरी अडचण

लोकांना वाटतं व्हॉट्सॲपवर हजार नंबर टाकले की झालं. तसं होत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 जणच बसतात, आणि तुमचा नंबर ज्यानं सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना जातच नाही, आणि तुम्हाला वाटत राहतं की पोचला. म्हणून दारात गेल्यावर पत्रक देऊन पळायचं नाही, काकू तुमच्या मोबाईलमध्ये ताईंचा नंबर सेव्ह करून देऊ का, पाण्याचं काही असलं तर डायरेक्ट टाका, एवढं विचारायचं. हो म्हणाल्या तर तिथंच उभं राहून सेव्ह करायचा आणि त्यांच्याच फोनवरून आपल्याला एक हाय पाठवायचा. एका घराला दोन मिनिटं जास्त लागतात खरी, पण मतदानाच्या सकाळपर्यंत तो संपर्क राहतो.

नवीन सिम घेऊन त्यावरून अनोळखी लोकांना धडाधड मेसेज पाठवले की नंबर बंद पडतो, आणि तो बरोबर शेवटच्या आठवड्यात बंद पडतो. जुना, रोजच्या वापरातला नंबर ठेवा. फॉरवर्डचंही असंच, एका वेळी पाचच चॅटला जातो, आणि खूप वेळा फिरलेला मेसेज असेल, तो डबल बाणवाला, तर एका वेळी एकालाच. त्यामुळे व्हायरल करू ही भाषा सोडा, मेसेज प्रत्येक गल्लीतल्या माणसानं स्वतःचे दोन शब्द घालून पाठवायचा. तसाही बंड्याच्या नंबरवरून आलेला मेसेज लोक उघडतात, पक्षाच्या नंबरवरून आलेला नाही.

ग्रुप काढताना एक विचार करा जो बरेच पुरुष कार्यकर्ते करत नाहीत. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बायका गुपचूप बाहेर पडतात त्याचं कारण राजकारण नसतं, रात्री अकराला कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून आलेलं हाय असतं. त्यापेक्षा कम्युनिटीचा घोषणांचा ग्रुप किंवा चॅनल बरं, तिथं सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. बचत गटांचे ग्रुप आधीच असतात, तिथं घुसायचा प्रयत्न करू नका, त्या ताईंना विनंती करा, त्यांना पटलं तर त्या टाकतील. दिवसाला दोनच मेसेज, गुड मॉर्निंगची फुलं बंद, आणि समोरच्या उमेदवारावरचे जोक तर अजिबात नाही, कारण त्यांची आत्या आपल्याच ग्रुपात असते.

आता तक्रार आल्यावर काय करायचं ते जरा तपशिलात सांगतो, कारण वॉर्डात मत इथं फिरतं. सकाळी सव्वासातला मेसेज येतो, मागच्या आळीत गटार तुंबलंय, फोटो बघा. नव्वद टक्के लोक काय लिहितात? लक्ष घालतो, आणि हात जोडलेला इमोजी. लोकांना हा इमोजी आता पाठ झालाय. त्याऐवजी दहा मिनिटांत फोन करायचा, कुठल्या घरासमोर ते नीट विचारायचं, नगरपालिकेकडे तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा नंबर त्याच ग्रुपवर टाकायचा. दुपारी कोणी फिरकलं नाही तर तेही लिहायचं, की अजून गाडी आलेली नाही, परत फोन केलाय. संध्याकाळी साफ झालं तर ज्यानं तक्रार केली त्यालाच फोटो टाकायला सांगायचं, आपण टाकायचा नाही. आणि आचारसंहिता चालू असेल तर नवीन काम सुरू करतो, निधी मंजूर करून घेतो असलं काही ग्रुपवर लिहायचं नाही, गटार साफ करणं हे नेहमीचं काम आहे, त्याचा पाठपुरावा करायला कोणाची हरकत नसते.

होणार नसेल तर होणार नाही असं सांगा. दोन-चार लोक नाराज होतील, होऊ देत.

व्हिडिओ, आणि स्टेटस नावाची गोष्ट

भाऊ गाडीतून उतरतात, स्लो मोशन, मागे ढोल, खाली लिहिलंय फक्त नावच काफी आहे. हे रील मी तरी आता शेवटपर्यंत बघू शकत नाही. चाळीस-पन्नास सेकंदांचा उभा व्हिडिओ, उमेदवार जिथं प्रॉब्लेम आहे तिथं उभा, आपल्या नेहमीच्या बोलीत, वऱ्हाडी तर वऱ्हाडी, अहिराणी तर अहिराणी, मालवणी तर मालवणी, पुस्तकी मराठी पाठ करून नाही. आवाज बंद ठेवून बघणारे खूप असतात म्हणून खाली मोठ्या अक्षरात मराठी ओळी हव्यातच. पिक्चरचं गाणं लावलं तर आवाज उडू शकतो, गल्लीतल्या पोरांची हलगी रेकॉर्ड करा, फुकट आहे आणि आपली आहे.

पण गाव आणि छोट्या शहरात पेजपेक्षा स्टेटस जास्त चालतं. लोक रोज संध्याकाळी पाव्हण्यारावळ्यांची स्टेटस एकामागून एक बघतात, त्यात वाढदिवस, देवदर्शन, आणि मध्ये आपला उमेदवार. तीस-चाळीस माणसं अशी निवडा जी वेगवेगळ्या गल्लीत, वेगवेगळ्या समाजात आहेत, आणि त्यांना रोज आठ वाजता एक फोटो किंवा छोटा व्हिडिओ द्या. सगळ्यांना एकच डिझाईन दिलं की ते पक्षाचं वाटतं, म्हणून डिझाईन कमी द्या, साधे फोटो जास्त द्या, ओळ त्यांना लिहू द्या. शुद्धलेखन चुकलं तरी हात लावू नका.

चिन्ह पोचवणं हेच मोठं काम

नवीन चिन्ह असेल किंवा अपक्ष असाल तर बाकी सगळं दुय्यम. अपक्षाला चिन्ह मिळतं ते अर्ज माघारीनंतर, म्हणजे हातात दिवस थोडेच राहतात. 2024 च्या लोकसभेला सांगलीत विशाल पाटील अपक्ष होते, लिफाफा चिन्ह होतं, ते गावोगाव पोचलं आणि निवडूनही आले. त्याच इलेक्शनला साताऱ्यात उलटं झालं, राष्ट्रवादी शरद पवार गटाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि एका अपक्षाचं ट्रम्पेट, ज्याला लोक पिपाणी म्हणायला लागले. त्या अपक्षाला 37,062 मतं पडली आणि भाजपचे उदयनराजे शरद पवार गटाच्या उमेदवारावर जिंकले ते 32,771 मतांनी. त्यातली किती चुकून पडली यावर भांडण चालू राहील, पण तुमच्या मतपत्रिकेवर तुमच्यासारखं दिसणारं दुसरं चिन्ह किंवा नाव आहे का हे यादी लागल्याच्या दिवशी बघायला काय हरकत आहे.

असेल तर लगेच एक फोटो बनवा, आपला अनुक्रमांक, नाव, चिन्ह, बस. समोरच्याचं चिन्ह दाखवून त्यावर फुली मारू नका, लोकांच्या डोक्यात फुली राहत नाही, चिन्ह राहतं.

दुसरं म्हणजे मतं किती द्यायची हे लोकांना खरंच माहिती नसतं. विधानसभेला एक बटण दाबून घरी यायची सवय. मुंबई सोडली तर महापालिकांच्या प्रभागात बहुतेक ठिकाणी अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येक जागेला वेगळं मत, आणि नगरपालिकेत नगरसेवकांची मतं वेगळी, नगराध्यक्षाचं वेगळं. आजीबाई एक बटण दाबून वळतात आणि केंद्रावरचे लोक हाका मारत बसतात. एक व्हिडिओ फक्त याचा करा, पुठ्ठ्यावर नकली मशीन काढून, पहिलं मत इथं, दुसरं इथं, एखाद्या जागेला कोणीच नको असेल तर नोटाचं बटण, आणि सगळं झाल्याशिवाय बाहेर यायचं नाही. हा व्हिडिओ विरोधकांचे मतदारही फॉरवर्ड करतात, करू देत, त्यात तुमचा चेहरा आहे ना.

पैसे देऊन जाहिरात

फेसबुक-इन्स्टावर राजकीय जाहिरात करायची तर आधी ओळखपत्र देऊन मंजुरी घ्यावी लागते आणि जाहिरातीवर पैसे कोणी दिले ते नाव दिसतं. ती जाहिरात मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीच्या, सगळ्यांना उघड दिसणाऱ्या ॲड लायब्ररीत सात वर्षं राहते, खर्च अंदाजे किती ते पण तिथं दिसतं. म्हणजे समोरचा काय चालवतोय ते तुम्ही रोज बघू शकता, फुकट, आणि तो तुमचं बघू शकतो. नकाशावर पिन टाकून आजूबाजूचा घेर निवडता येतो पण प्रभागाची हद्द नेमकी बसत नाही, शेजारच्या दोन प्रभागांत पैसे सांडतातच. माझं मत विचाराल तर चिन्ह मिळाल्यावर चार-पाच दिवस थोडे पैसे लावा, बाकी नको.

नियमाचं म्हणाल तर आपल्या अकाउंटवर आपण साधी पोस्ट टाकली तर तिला निवडणूक आयोग जाहिरात धरत नाही, पैसे देऊन चालवलेली जाहिरात मात्र आधी माध्यम समितीकडून, म्हणजे निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या समितीकडून, प्रमाणित करून घ्यायची. आयोगानं हे स्पष्ट केलंय, आणि अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडिया अकाउंटं पण लिहायला सांगितलीत. आता गोंधळ कुठं होतो तर लोकसभा-विधानसभा केंद्राच्या आयोगाकडे आणि पालिका, झेडपी राज्य निवडणूक आयोगाकडे, दोघांचे आदेश वेगळे निघतात. मोठ्या इलेक्शनला मतदान संपायच्या आधीचे 48 तास प्रचार बंद, पालिकेला ती वेळ वेगळी असू शकते, तेव्हा ऐकीव माहितीवर जाऊ नका, तुमच्या इलेक्शनचा आदेश निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या ऑफिसात लावलेला असतो, फोटो काढून ठेवा. आणि जाहिरात लावतानाच बंद व्हायची तारीख-वेळ टाका, कारण त्या दिवशी तुम्ही बूथवरच्या पोरांचं सामान भरत असता आणि जाहिरात तिकडे आपली चालूच राहते.

खोटी क्लिप आली तर

येणारच, आणि आदल्या रात्री येणार. 2024 च्या विधानसभेला मतदानाच्या आदल्या दिवशी बिटकॉइनच्या व्यवहाराच्या ऑडिओ क्लिप फिरल्या, ज्यांचे आवाज म्हणून सांगितले त्या नेत्यांनी ते नाकारले, फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी एआयनं बनवलेल्या असण्याची शक्यता सांगितली, पण तोपर्यंत लोक रांगेत उभे होते. वॉर्डात एवढं भारी काही नसतं, उमेदवारानं माघार घेतली, पाठिंबा दिला, एवढा एक मेसेज पुरतो.

याची तयारी आधी करायची. पहिल्या दिवसापासून लोकांना सांगून ठेवायचं की आमची कुठलीही घोषणा याच नंबरवरून आणि याच पेजवरून येईल. खोटं आलं की ती क्लिप पुन्हा शेअर करून बघा बघा करायचं नाही, उमेदवाराचा पंधरा सेकंदांचा ताजा व्हिडिओ, हातात त्या दिवसाचा पेपर नाहीतर मागे ओळखीचा चौक, मी रिंगणात आहे, संपलं. प्रचार बंदीची वेळ सुरू झाली असेल तर त्यात मत द्या, चिन्ह, असलं एक अक्षर नको, नुसता खुलासा. क्लिप कुठून आली त्याचे नंबर दिसतील असे स्क्रीनशॉट, लिंक, वेळ हे जमवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे आणि सायबर पोलिसांकडे लेखी द्यायचं, पोच घ्यायची. लोकसभा-विधानसभेला आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायचं सी-व्हिजिल ॲप असतं, त्यात फोटो-व्हिडिओ ॲपमधूनच काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही.

आपल्याकडून एआयचा फोटो, आवाज वापरायचा असेल तर तसं ठळक लिहा, आयोगाच्या सूचना आता त्याबद्दल स्पष्ट आहेत, केंद्राच्या आयोगानं तर लेबल किती मोठं हवं तेही सांगितलंय. खरं सांगायचं तर वापरूच नका. दिवंगत नेत्याला बोलतं करून उमेदवाराला आशीर्वाद द्यायला लावणं मला तरी चांगलं वाटत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांना ते खरं वाटतं.

मतदानाचा दिवस

या दिवशी पेजचा पासवर्ड विसरला तरी चालेल. बूथवार छोटे ग्रुप, एकात फार तर सात-आठ जण. ठरलेल्या अंतराबाहेर आपलं टेबल असतं, तिथं चिठ्ठी घ्यायला येईल त्याचा अनुक्रमांक यादीवर खोडायचा, दर दोन तासांनी त्या पानांचा फोटो ग्रुपवर. घरी बसलेला एक जण एक्सेल उघडून बघतो, दुपारी दोनपर्यंत कुठल्या गल्लीतून कोणी आलं नाही, आणि त्या शेवटच्या कॉलममधल्या माणसाला फोन करतो. मावशी, जेवण झालं का, निघा आता, ऊन उतरलंय. मोबाईलनं मतदान खरंच वाढतं ते इथं.

मतदारांना ने-आण करायला गाडी पाठवतो, असं ग्रुपवर लिहू नका, तसं करूही नका, तो गुन्हा आहे आणि आपणच पुरावा लिहून दिलेला असतो. जेवणावळी, पाकीट, यांचं तर काही बोलायलाच नको, स्क्रीनशॉट काढायला एक सेकंद लागतो आणि ग्रुपात कोणाचा मेहुणा कोण हे तुम्हाला माहिती नाही. मशीनवर बटण दाबतानाचा फोटो पाठवा असं पोरांना सांगणारे महाभाग आहेत, ती पोरं अडकतात, तुम्ही नाही. शाईच्या बोटाचा फोटो बाहेर येऊन काढू दे, चिन्ह न दाखवता.

निकालानंतर

हरलात तरी ग्रुप त्या रात्री डिलीट करू नका, आभाराचा एक मेसेज टाका आणि मेसेज करायचे अधिकार फक्त ॲडमिनला ठेवा, दोन दिवस भांडणं होतातच. जिंकलात तर त्याच नंबरवर गटाराचे फोटो येत राहणार, त्याला उत्तर द्यायला माणूस ठेवा.

आणि एक कंटाळवाणं काम, निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा असतो, आणि ते न दिल्यामुळे पुढच्या वेळी अपात्र ठरलेले लोक आहेत. त्यात बुस्टचे, म्हणजे फेसबुक-इन्स्टावरच्या जाहिरातीचे पैसे, व्हिडिओ एडिट करणाऱ्याचं बिल, डिझाईनवाला, बल्क एसएमएस, पोरांना मानधन दिलं असेल तर ते, सगळं धरायचं. एडिट करणारा पोरगा बिल देत नाही, त्याच्याकडे बिलबुकच नसतं, म्हणून पैसे देतानाच साध्या कागदावर रक्कम, तारीख, सही घ्या आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट लावा, मेटाच्या पावत्या ॲड अकाउंटच्या बिलिंगमध्ये मिळतात, त्या अकाउंट बंद करायच्या आधी डाऊनलोड करून ठेवा.